चुकलेल्या बॉलच्या एक शॉट मागे

प्रश्न : मी गेली बारा वर्षं पूल खेळतोय, मुख्यतः नाइन-बॉल, म्हणजे १ ते ९ आकड्यांचे बॉल लहान आकड्यापासून क्रमाने खेळायचा प्रकार. हात बसलेला असला की लागोपाठ दोन-तीन रॅक, म्हणजे मांडलेले सगळे बॉल, साफ होतात. आमच्या क्लबात मला नेहमी हरवणारे दोघं-तिघंच आहेत. पण दोन वर्षं झाली, गाडी तिथल्या तिथेच आहे. मोठी स्पर्धा आली की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बाहेर. शेवटी माझ्या स्ट्रोकचा व्हिडिओ काढून चार जाणकारांना दाखवला. एक म्हणाला, कोपर खाली पडतंय, ते आधी थांबव. दुसरा म्हणाला, कोपराचं राहू दे, डोकं हलतंय. तिसऱ्याला ग्रिप घट्ट वाटली. चौथा म्हणाला, शाफ्ट (क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, पुढचा दांडा) बदल. महिनाभर चौघांचंही करून पाहिलं, आता साधे शॉटही जाईनासे झालेत. माझ्या पातळीच्या खेळाडूने तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा तरी कसा? – गोंधळलेला

उत्तर : चौघांचं एकदम ऐकणं आजच्या आज बंद करा. महिन्याभरापूर्वी जसे खेळत होतात तसेच आठ-दहा दिवस खेळा. त्या खेळात काय कमी आहे ते नंतर बघू, आधी तो परत येऊ दे.

चौघांपैकी कुणी चुकीचं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांना स्ट्रोक दाखवलात, त्यांनी स्ट्रोकमध्ये दिसलं ते सांगितलं. यातलं काही ना काही कुणाच्याही व्हिडिओत सापडतं, व्यावसायिकांच्यासुद्धा. कोपराचंच घ्या. फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे बॉल मारल्यावर हात पुढे जातो तेव्हा, कोपर सोडणारेही वरच्या पातळीवर जिंकतात आणि ते जागेवर खिळवून ठेवणारेही. टिप (क्यूचं टोक) आणि पांढरा बॉल यांची भेट जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांची. त्यानंतर कोपर खाली गेलं काय आणि वर राहिलं काय, बॉल निघून गेलेला असतो. टिप ठरवल्या जागी लागली का, हा प्रश्न आहे. कोपर आधीच सुटत असेल आणि त्यामुळे टिप सरकत असेल तर तो दोष, नाहीतर ती तुमची लकब.

तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचून बघा. त्यात कोपर आहे, डोकं आहे, ग्रिप आहे, शाफ्ट आहे. हरलेल्या एकाही मॅचचा शेवट कसा झाला, ते मात्र नाही. जी गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत, ती त्या चौघांनाही सांगितली नसणार. डॉक्टरकडे जाऊन ‘मला नुसतं बघून सांगा’ म्हटलं तर तोही काहीतरी शोधून काढेलच.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. टेबलावर ६, ७, ८, ९ उरलेत. ७ उजव्या लांब कुशनजवळ (टेबलाच्या कडेच्या रबरी कठड्याजवळ), त्याच बाजूच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये जाणारा. ८ पार पलीकडे, डाव्या कुशनजवळ. ६ आरामात गेला, पांढरा लोळत आला आणि ७ च्या मागे थांबला, अगदी सरळ रेषेत. बघणारे म्हणतात, मस्त! पण सरळ रेषेतला पांढरा एकतर पुढे जाणार किंवा मागे येणार, टेबल ओलांडून डावीकडे कसा जाईल? मग तुम्ही ७ पॉकेटच्या मध्यावर न मारता एका कडेला मारून जरासा कोन काढता, साइड लावता (पांढऱ्याला मध्याच्या बाजूला मारून फिरकी देता), जोर वाढवता. ७ जातो. पांढरा मात्र अर्ध्या वाटेत थांबतो. आता ८ म्हणजे लांबचा, पातळ कट, जेमतेम कडेवर मारून तिरका घालायचा. तो चुकतो. घरी जाताना डोक्यात एकच राहतं : ८ गेला असता तर जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही लांबच्या कटचा सराव करत बसता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चूक ६ वर झाली, आणि तीही मारताना नव्हे. ७ वर कोन हवा, तोही टेबलाच्या मधल्या बाजूने हवा, म्हणजे पांढरा उजव्या कुशनला लागून आपणहून मध्याकडे येईल, हे ६ साठी वाकण्याआधी ठरायला हवं होतं. शिकाऊ खेळाडूचा बॉल जिथे चुकतो तिथेच त्याची चूक असते. तुमच्यासारख्याची चूक बहुतेक वेळा एक शॉट मागे असते, कधी दोन. स्ट्रोकच्या व्हिडिओत ती दिसायचं काही कारणच नाही.

म्हणून तज्ज्ञाकडे जाण्याआधी एक वही करा. पूलच्या मॅचची आकडेवारी ठेवणाऱ्या, पॅट फ्लेमिंग यांच्या अ‍ॅक्यू-स्टॅट्सने मोजणीची एक सोपी रीत फार पूर्वीच घालून दिली आहे : पॉट केलेले (पॉकेटमध्ये घातलेले) बॉल भागिले (पॉट केलेले बॉल अधिक चुका). चुकांमध्ये पॉट चुकणं येतं, पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढऱ्याची जागा) इतकी बिघडणं की पुढचा बॉल खेळताच येऊ नये हे येतं, फसलेली सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला सोपा शॉट न ठेवायचा बचावाचा फटका), किक (पांढरा आधी कुशनला लावून मारायचा फटका), ब्रेकवरचा, म्हणजे सुरुवातीच्या फटक्यावरचा फाउल, सगळं येतं. समजा काही मॅच मिळून तुम्ही ७२ बॉल घातले आणि १४ चुका केल्या, तर ७२ भागिले ८६, म्हणजे ०.८३७. ०.९०० च्या आसपासचा खेळ जागतिक दर्जाचा मानतात. पण एकूण आकड्यापेक्षा त्या १४ ची फोड महत्त्वाची. पॉट ४, पोझिशन ७, सेफ्टी २, किक १ असं निघालं तर स्ट्रोकबद्दल विचारण्यात तुमचा आणि कोचचा, दोघांचाही तास फुकट जाणार.

या रीतीत एक पळवाट आहे. वरच्या प्रसंगातला ८ यात ‘पॉट चुकला’ म्हणूनच नोंदला जाईल, कारण तो खेळता येत होता. म्हणून वहीत आणखी एक रकाना ठेवा : या रॅकमध्ये पांढरा शेवटचा कुठल्या बॉलवर मी ठरवलेल्या जागी थांबला होता? चूक आणि हा बॉल यांच्यात किती अंतर आहे ते पाहा. अंतर सारखं एक-दोन बॉलांचं निघालं तर तुमचं दुखणं नियोजनात किंवा वेगाच्या अंदाजात आहे. अंतरच नसेल, म्हणजे पोझिशन हवी तशी असूनही बॉल चुकत असेल, तर ते हातात नाहीतर नजरेत आहे. आणि चुकलेला प्रत्येक पॉट जाड (हवा त्यापेक्षा मध्याकडे) लागला की पातळ (कडेकडे), हेही एका अक्षरात लिहून ठेवा. हे छोटंसं अक्षर पुढे फार उपयोगी पडतं.

व्हिडिओ काढायचाच, पण हरलेल्या पूर्ण मॅचचा. संपूर्ण टेबल दिसेल असा एक कॅमेरा उंचावर, टेबलाच्या एका टोकाला. सरावातला नको. सरावात आपण चुकलेला बॉल परत ठेवून मारतो आणि परत मारल्यावर तो जातोच.

याच मुद्द्यावर भले भले खेळाडू कमी पडतात : पांढरा कुठे थांबला ते तज्ज्ञाला दिसतं, तुम्हाला तो कुठे हवा होता ते दिसत नाही. तो ठरवल्यापेक्षा वीतभर पुढे गेला आणि नशिबाने तिथूनही पुढचा बॉल मिळाला, तर बघणाऱ्याच्या लेखी तो उत्तम शॉट. तुमच्या लेखी ती चूक असायला हवी. म्हणून तज्ज्ञासमोर खेळताना प्रत्येक शॉटआधी मोठ्याने बोला : कुठला बॉल, कुठलं पॉकेट, पांढरा कुठल्या कुशनला लागून कुठे थांबणार. बोलायचं अवघडल्यासारखं वाटलं तर ठरवलेल्या जागी कागदाचा एक तुकडा ठेवा. पहिल्या तीन-चार रॅकमध्येच दोन्हीपैकी एक गोष्ट उघडी पडेल. एकतर तुम्ही जागा नेमकी सांगता पण पांढरा तिथे जात नाही, किंवा तुम्ही ‘इकडेच कुठेतरी’ म्हणता. दुसरं उत्तर मला जास्त वेळा ऐकू येतं, आणि तेही चांगल्या खेळाडूंकडून.

आता कुणाला विचारायचं. ‘तज्ज्ञ’ म्हणून सगळे सारखे नसतात. स्ट्रोक, उभं राहणं, नजर यांसाठी शिकवणारा माणूस लागतो, आणि तो तुमच्यापेक्षा चांगला खेळणारा असलाच पाहिजे असं नाही. योहान रुयसिंक या डच प्रशिक्षकाचं उदाहरण बघा. आधी युरोपच्या संघाला त्यांनी मॉस्कोनी कप (युरोप विरुद्ध अमेरिका ही पूलची सांघिक स्पर्धा) जिंकून दिला, मग अमेरिकेच्या संघाची सूत्रं घेतली आणि २०१८ व २०१९ मध्ये तोच कप अमेरिकेला मिळवून दिला. टेबलावर खेळणारे त्यांच्याहून सरस होते, याने काही बिघडलं नाही. ‘नवशिक्यांना शिकवणारा मला काय शिकवणार’ हा विचार तुमच्या मनात असेल तर तो काढून टाका. उलट कोचला एकच विचारा : ‘मी जो दोष आहे म्हणतो, तो आहे की नाही हे तुम्ही कसं तपासाल?’ ज्याच्याकडे तपासायची रीत आहे तो तुमचा माणूस. जो व्हिडिओ बघून तिसऱ्या सेकंदाला उपाय सांगतो तो नव्हे.

नियोजन आणि सेफ्टी यांसाठी मात्र तुमच्याहून सरस खेळाडूच हवा. सरस म्हणजे किती, याला फार्गोरेट हे रेटिंग उपयोगी पडतं. त्यात दोघांमध्ये १०० गुणांचा फरक असला तर वरचा खेळाडू खालच्याच्या दुप्पट गेम जिंकेल अशी अपेक्षा असते. साधारण तेवढा वरचा माणूस मिळाला तर उत्तम. फार वरचा नको, कारण त्याला जे आपोआप सुचतं ते त्याला शब्दांत सांगता येतंच असं नाही. त्याला ‘माझा खेळ कसा वाटतो’ असं कधीच विचारू नका, तो सभ्यपणे ‘छान’ म्हणेल. वहीतली एक मांडणी टेबलावर लावा, पांढरा हातात द्या आणि त्याला खेळू द्या. खेळून झालं की विचारा, ‘दुसरा कुठला रस्ता मनात आला होता, आणि तो का सोडला?’ त्याने निवडलेला रस्ता तुम्हाला दिसतोच. त्याने नाकारलेले रस्ते दिसत नाहीत, आणि दोन पातळ्यांमधला फरक बहुतेक तिथेच असतो. शक्य असेल तर तीच मांडणी तिघांना वेगवेगळी द्या, एकमेकांसमोर नको. तिघं तीन रीतीने खेळले तर तो आवडीनिवडीचा भाग, तुमची रीतही चालेल. तिघंही एकाच रीतीने खेळले आणि तुम्ही वेगळे, तर उत्तर मिळालं.

मांडणी पुन्हा तंतोतंत लावता यावी म्हणून बॉलच्या जागी वहीच्या पानांच्या भोकांना लावतात तसली चिकट कागदी रिंग लावा. बॉल तिच्यावर नीट बसतो आणि जागा हलत नाही. ‘साधारण इथेच होता’ म्हणून मांडलेला बॉल चार बोटं इकडेतिकडे झाला की प्रश्नच बदलतो.

वहीने दोष हातात किंवा नजरेत दाखवला, तर कोचकडे काय तपासून घ्यायचं तेही सांगतो. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाचा खरा दोष सहसा झाकलेला असतो. क्यू जरा तिरकी लागते आणि स्ट्रोकमध्ये मनगट ती गुपचूप सरळ करतं. बॉल जातो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दडपण आलं, हात आखडला की ही दुरुस्ती कमी-जास्त होते आणि नेमका तेव्हाच बॉल चुकतो. हा दोष स्वतःला दिसत नाही. कोचला सांगा, मी लांबच्या सरळ शॉटसाठी वाकून तयार होतो, शेवटच्या स्ट्रोकआधी डोळे मिटतो आणि मारतो. डोळे मिटून बॉल जात असेल तर क्यू बरोबर लागलेली आहे. उघड्या डोळ्यांनी जातो आणि मिटल्यावर सारखा एकाच बाजूला चुकतो, तर तुम्ही बघत बघत सावरून घेताय. दुसरी तपासणी : ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटमध्ये घालायचा बॉल) न ठेवता पांढरा टेबलाच्या मधल्या रेषेवरून समोरच्या कुशनवर मारायचा, तो परत टिपपाशी यायला हवा. दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर मनात मध्य असूनही टिप बाजूला लागतेय.

आणि ते जाड-पातळचं अक्षर. हळू मारलेले, पांढरा न लोळता सरकत जाऊन लागणारे कट जर सारखे जाड लागत असतील, तर बहुधा स्ट्रोकचा संबंध नाही. दोन बॉल घासतात तेव्हा ऑब्जेक्ट बॉल किंचित ओढला जातो. हा थ्रो हळू वेगाला जास्त असतो आणि बॉल मळके असले की आणखी वाढतो. बॉल पुसा, किंवा असा शॉट जरा पातळ धरा, किंवा थोडी बाहेरची साइड (बॉल जिकडे कापला जातो त्याच्या उलट बाजूची) लावा. यासाठी चार महिने कोपर दुरुस्त करत बसू नका.

नजरेबद्दलही थोडं. २००२ मध्ये विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी बिलियर्ड्स खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शॉटआधी लक्ष्यावर शेवटची नजर किती वेळ स्थिरावते हे त्यांनी मोजलं. कुशल खेळाडूंची नजर जास्त वेळ टिकली, आणि यशस्वी शॉटमध्ये ती चुकलेल्या शॉटपेक्षा जास्त टिकली. एक फोन पॉकेटच्या मागे, कापडाच्या उंचीवर, तुमच्या चेहऱ्याकडे तोंड करून ठेवा. सोप्या आणि अवघड शॉटच्या वेळी डोळे किती स्थिर असतात ते सावकाश फिरवून बघा. तुमचं डोकं हलतं असं सांगणाऱ्याला कदाचित हेच दिसलं असेल, फक्त त्याने दुसऱ्या टोकाने सांगितलं.

तासाला गेल्यावर पहिला अर्धा तास कोचने काही बोलू नये, अशी विनंती करा. विचित्र वाटेल, पण दर शॉटनंतर सूचना मिळाली की माणूस त्या तासात सुंदर खेळतो आणि सूचना देणारा नसला की ढेपाळतो, हे हालचालींच्या शिकण्यावरच्या संशोधनात वारंवार दिसलंय. शिवाय आपली एक खोड असते : कोचसमोर आपण आपला सर्वोत्तम खेळ दाखवायला जातो. तिथे शाबासकी मिळवायची नाहीये. जे शॉट टाळता तेच मांडा.

सूचना कुठल्या शब्दांत येते याकडेही लक्ष ठेवा. हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनाचा रोख असा की लक्ष स्वतःच्या अवयवावर गेलं की सराईत हालचाल बिघडते, आणि बाहेरच्या परिणामावर ठेवलं की ती सुधारते. तुमचे साधे शॉट का जाईनात याचं उत्तर मला यातच दिसतं : महिनाभर तुम्ही पांढऱ्या बॉलऐवजी कोपर, मान आणि बोटं खेळत होतात. कोच म्हणाला, ‘कोपर हलवू नकोस,’ तर त्याच्याकडून हेच दुसऱ्या रूपात मागून घ्या : टिप शेवटी कुठे पोचायला हवी, पलीकडच्या कुठल्या डायमंडच्या (टेबलाच्या कडेवरच्या खुणेच्या) रोखाने, कापडापासून किती उंचीवर? आणि उठण्याआधी विचारा, हा बदल बसला की मला टेबलावर काय वेगळं दिसेल? त्याचं उत्तर ‘स्ट्रोक छान दिसेल’ असं आलं तर तो बदल घेऊ नका. ‘परत येणारा पांढरा उजवीकडे सरकायचा थांबेल’ असं आलं तर घ्या, एका वेळी एकच, आणि जवळ स्पर्धा नसताना. नवं बसेपर्यंत खेळ थोडा खाली जाईल, ते गृहीत धरा.

शाफ्टचं इतकंच, की कमी डिफ्लेक्शनच्या (साइड लावल्यावर पांढरा रेषेबाहेर कमी ढकलणाऱ्या) शाफ्टवर साइड लावताना निशाणा वेगळा धरावा लागतो. म्हणजे चालू तपासणीत आणखी एक बदल. ती खरेदी सध्या राहू द्या.

जवळपास चांगला कोच नसेल तर लांबूनही चालतं, फक्त त्याला तासाभराचं चित्रीकरण पाठवून ‘काय वाटतं?’ असं लिहू नका. असं काही लिहा : ‘या मॅचमध्ये माझ्या १४ चुका झाल्या, त्यातल्या ७ पोझिशनच्या. सातपैकी पाच वेळा मी त्याआधीच्याच शॉटवर कोन न राखता सरळ थांबलो होतो. त्या पाच जागांच्या वेळा सोबत दिल्या आहेत. तुम्ही तिथे काय ठरवलं असतं, आणि मी वेग चुकवतोय की जागाच चुकीची निवडतोय?’ असा प्रश्न आल्यावर चांगल्या माणसालाही उत्तर देण्यात रस वाटतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा तेवढ्याच मॅच मोजा, त्याच रकान्यांत. सातच्या जागी चार आले तर तोच कोच, तोच बदल, पुढे चालू. सात सातच राहिले तर वही घेऊन त्याच्याकडे परत जा. आकडे बघायची त्याची तयारी नसेल तर दुसरा शोधा.